चालती प्रोसेस दुसऱ्या नोडवर हलवणं: गरज की हौस?

रांगेत_उभा
आमच्या सुपरकॉम्प्युटरचा एखादा नोड, म्हणजे त्यातला एक संगणक, दुरुस्तीला घ्यायचा असला की अ‍ॅडमिन तो ड्रेनवर टाकतात: नवे जॉब बंद, चालू असलेले संपेपर्यंत थांबायचं. एक लांबलचक जॉब चालू असतो, बाकीचे कोअर तोवर माशा मारतात. तो जॉब चालता चालता शेजारच्या नोडवर का सरकवू नये? बर्कलीच्या स्प्राइट या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये १९८० च्या दशकातच प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, रिकाम्या मशीनवर जायची आणि मालक आला की परत यायची. झेनवाल्यांनी २००५ मध्ये अख्खं व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) चालू असताना हलवून दाखवलं. सुपरकॉम्प्युटरलाच काय धाड भरलीये?

खडूस_अ‍ॅडमिन
जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातलं, नोडांमध्ये प्रोसेस हलवणारं मोसिक्स विसरलात. त्यात प्रोसेस जायची, पण तिचा 'डेप्युटी' मूळ नोडवरच राहायचा आणि बरेचसे सिस्टिम कॉल (कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, केलेल्या मागण्या) त्याच्याकडे परत यायचे. भाडेकरूने घर बदललं, टपाल मात्र जुन्याच पत्त्यावर! म्हणजे मूळ नोड बंद केला की खेळ खलास, आणि तुम्हाला नेमका तोच बंद करायचाय. त्याची मुक्त आवृत्ती ओपनमोसिक्स तर २००८ मध्ये गुंडाळलं. स्वस्त मल्टिकोअर आल्यावर त्याची गरजच कमी झाली, असं त्यांनीच सांगितलं होतं.

खरी मेख इन्फिनिबँडची, म्हणजे नोड जोडणाऱ्या वेगवान नेटवर्कची आहे. टीसीपी कनेक्शन कर्नलच्या ताब्यात असतं, म्हणून क्रियू हे चालती प्रोसेस गोठवून जपणारं साधन ते उचलून पुन्हा उभं करू शकतं. इन्फिनिबँडचं कार्ड कर्नलला बाजूला ठेवून थेट मेमरीत लिहितं. क्यू-पेअरची (जोडणीच्या पाठवण्या-घेण्याच्या रांगांची) अवस्था कार्डातच, मेमरीची पानं जागेवर पिन केलेली. त्यात ५१२ रँकचा एमपीआय जॉब, म्हणजे एकमेकांना निरोप धाडत चालणाऱ्या ५१२ प्रोसेस, असेल तर एक हलवला की उरलेल्या ५११ जणांना नवा पत्ता कोण सांगणार?

रांगेत_उभा
त्यावर डीएमटीसीपी या चेकपॉइंटच्या (चालू काम मध्येच जपून ठेवण्याच्या) साधनाच्या लोकांनी 'माना' काढलंय की. प्रोसेसचे दोन भाग करायचे: अ‍ॅप्लिकेशनची मेमरी जपायची, एमपीआय आणि नेटवर्कची लायब्ररी टाकून द्यायची आणि नव्या नोडवर कोरी सुरू करायची. अमेरिकेत नर्स्क या सुपरकॉम्प्युटर केंद्रामध्ये व्हास्प या पदार्थांचा अणुपातळीवर हिशोब करणाऱ्या सॉफ्टवेअरवरही वापरून पाहिलंय.

खडूस_अ‍ॅडमिन
ते चालत्या गाडीतून उडी नव्हे, थांबून पुन्हा निघणं आहे. आणि सगळी मेमरी डिस्कवर लिहायची, तिचं वजन किती? १०० नोड, प्रत्येकी २५६ जीबी भरलेली, म्हणजे २५.६ टीबी. फाइलसिस्टिमने सेकंदाला १०० जीबी दिले तरी चार मिनिटं सगळ्यांचं आयओ तुंबलं. उलट रेणूंच्या हालचाली मोजणारं ग्रोमॅक्स बघा. दहा लाख अणूंच्या जागा आणि वेग सिंगल प्रिसिजनमध्ये जेमतेम २४ एमबी. दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट ते आपणहून लिहितं. काय जपायचं हे अ‍ॅप्लिकेशनला कळतं, कर्नलला सगळाच पसारा सारखा. सांगून ठेवलं तर वेळ संपण्याआधी स्लर्म, म्हणजे जॉबची रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर, सिग्नल देतो, तो पकडा आणि स्टेट लिहा.

अर्धी_भाकर
तुम्ही दोघं प्रोसेसवरच अडलात. इलिनॉयमधल्या लक्ष्मीकांत काळ्यांच्या चार्म++ या समांतर प्रोग्रामिंगच्या प्रणालीमध्ये प्रोसेस हलतच नाही, तिच्या पोटातले ऑब्जेक्ट हलतात. नोड जड झाला की रनटाइम काही तुकडे दुसरीकडे टाकतो. रेणूंचंच दुसरं सॉफ्टवेअर एनएएमडी त्यावरच उभं आहे. अ‍ॅडाप्टिव्ह एमपीआयमध्ये तर रँक म्हणजे प्रोसेसच्या आतला हलका धागा (यूजर-लेव्हल थ्रेड), स्टॅकसकट सरकतो.

खडूस_अ‍ॅडमिन
छान. मग हवामानाच्या मॉडेलमधलं सगळं फोरट्रान तुम्ही बसून साफ करणार का? ग्लोबल व्हेरिएबल (अख्ख्या प्रोसेसला सामाईक) खच्चून भरलीयेत, आणि एका प्रोसेसमध्ये चार रँक बसले की सगळे एकाच व्हेरिएबलवर नांगर फिरवणार.

अर्धी_भाकर
सगळं नाही. पण नवीन लिहिताना तरी? तिथेही लोक ग्लोबलच टाकतात.

खडूस_अ‍ॅडमिन
मूळ तक्रारीवर येतो. ड्रेनमधले कोअर रिकामे राहिले तर दोष स्थलांतराच्या अभावाचा नाही. दुरुस्तीच्या वेळेचं रिझर्व्हेशन आधी लावलं तर तोवर संपणारे छोटे जॉब बॅकफिलने, म्हणजे रांगेतून मोकळ्या फटीत, आत येतात. पण सगळे ७२ तास मागतात आणि नऊ तासांत उरकतात, मग बॅकफिल काय डोंबल करणार?

रांगेत_उभा
मागतो, कारण ७१ व्या तासाला मेलेला जॉब पहिल्यापासून चालवायचा नसतो, काका. ग्रोमॅक्सवाल्यांचं ठीक आहे. ज्याच्या कोडचा सोर्स हातात नाही आणि मधून सुरू करायची सोयही नाही, त्याने तुमचा सिग्नल पकडून करायचं काय?