जर्मनीत परमिट एक्स्टेन्शन रिजेक्ट झालं, ३० दिवसांत देश सोडा म्हणतात, काय करू?

साताऱ्याचा_मेकॅनिक

नमस्कार मंडळी, मोठं लिहितोय, सांभाळून घ्या, काल रात्रीपासून डोकं चालत नाहीये. मी बाडेन-वुर्टेम्बर्गमधे मेकॅनिकलचं मास्टर्स करतोय, शहराचं नाव नको. कोर्स ४ सेमिस्टरचा, माझं आठवं चालू आहे. मधे आई आजारी होती म्हणून ५ महिने साताऱ्याला होतो, परत आल्यावर दोन पेपर राहिले, मग थिसिससाठी कंपनी मिळेना, असं करत करत इथवर आलो. आता थिसिस रजिस्टर झालाय, अर्धाअधिक लिहून झालाय, ४-५ महिन्यांत संपेल.

राहण्याचं परमिट संपायच्या आधी वेळेत एक्स्टेन्शनला टाकलं होतं, फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग, म्हणजे निर्णय होईपर्यंत राहू देणारा तात्पुरता कागद, मिळालं होतं, सगळं निवांत. काल पोस्टाची पेटी उघडली तर पिवळा लिफाफा. आत ७ पानं. मला जेवढं कळलं त्याप्रमाणे, अर्ज नाकारला, ४ अधिक ३ म्हणजे ७ सेमिस्टर झाली की अभ्यास नीट चालू आहे असं मानता येत नाही, ३० दिवसांत निघा नाहीतर भारतात अबशीबुंग, म्हणजे डिपोर्टेशन. पैशाचा प्रश्न नाहीये, ब्लॉक्ड अकाउंटला महिन्याचे ९९२ युरो व्यवस्थित दाखवलेत.

आणि हो, दीड महिन्यापूर्वी आनह्योरुंग (निर्णयाआधी आपली बाजू मांडायची संधी, हे आता कळलं) असं वर लिहिलेलं एक पत्र आलं होतं, मला वाटलं नेहमीसारखे कागद मागवलेत, कागद तर मी आधीच दिलेत, म्हणून उत्तर दिलं नाही. माझीच चूक, शिव्या नंतर घाला.

दाजी म्हणतात गाशा गुंडाळ, इकडून परत व्हिसा काढू. रूममेट म्हणतो नवीन अर्ज टाक. वेर्कष्टुडंटचा, म्हणजे विद्यार्थ्यांचा पार्टटाइम, जॉब आहे आठवड्याला २० तासांचा, तिकडे सांगायचं का, उद्या कामावर जाऊ की नको तेही कळत नाहीये. घरी अजून आईला सांगितलेलं नाही.

नेकारकाठचा

आधी पाणी पी. मग सांग, तो पिवळा लिफाफा कुठंय? पत्र नाही, लिफाफा. टाकला असशील तर कागदाच्या निळ्या डब्यातून आत्ताच्या आत्ता काढ. त्याच्यावर पोस्टमनने पेनाने तारीख लिहिलेली असते, तुझी दाद मागायची मुदत त्या तारखेपासून मोजतात, तू पेटी कधी उघडलीस त्याच्याशी कोणाला काही देणंघेणं नाही. पेटीत पडलं म्हणजे तुला मिळालं, विषय संपला.

दुसरं म्हणजे शेवटचं पान काढ. तिथे रेष्ट्सबेहेल्फ्सबेलेरुंग असा लांबलचक शब्द असेल, त्याखाली दोन-तीन ओळींत कोणाकडे, किती दिवसांत दाद मागायची ते लिहिलेलं असतं. तुझ्या राज्यात बहुतेक विडरश्प्रुख, म्हणजे ऑफिसकडेच लेखी हरकत, असेल, मुदत एक महिना. ३० दिवस नव्हे, महिना, म्हणजे ९ तारखेला मिळालं तर पुढच्या ९ तारखेपर्यंत, तो दिवस शनिवार-रविवार आला तर सोमवार. तो परिच्छेदच नसेल किंवा चुकीचा असेल तर मुदत वर्षाची होते, पण त्या भरवशावर राहू नकोस, ऑफिसवाले तो भाग सहसा चुकत नाहीत.

विडरश्प्रुख दोन ओळींचा चालतो. अमुक तारखेच्या अमुक नंबरच्या निर्णयाविरुद्ध विडरश्प्रुख करतो, कारणं मागाहून देतो, खाली पेनाने सही. साधा इमेल चालत नाही!! इमेल करून निवांत बसलेले आणि मुदत संपल्यावर रडलेले दोन जण मी स्वतः पाहिलेत. स्वतः जा, दोन प्रती ने, एकीवर त्यांचा शिक्का घे.

आता वाईट बातमी. परमिट नाकारलं की नुसत्या विडरश्प्रुखने काही थांबत नाही, परदेशींच्या वास्तव्याच्या कायद्याच्या ८४ कलमात तसं स्पष्ट आहे. म्हणजे विडरश्प्रुख पडून राहणार आणि तिकडे ३० दिवस चालूच. ते थांबवायला फेर्वाल्टुंग्सगेरिष्टमधे (सरकारी निर्णयांविरुद्धचं कोर्ट) आइलआंट्राग टाकावा लागतो, तातडीचा अर्ज. दोन्ही लागतात, एकावर भागत नाही. त्यासाठी वकील कर, साधा वकील नको, मिग्रात्सिओन्सरेष्टचा फाखआनवाल्ट, म्हणजे स्थलांतर कायद्याचा खास वकील बघ.

इझारकाकू

वरचं सगळं बरोबर पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, आम्ही म्युनिकला, आमच्या बायर्न राज्यात या प्रकरणात विडरश्प्रुख नाहीच, थेट कोर्टात क्लागं, म्हणजे दावा, तीही महिन्याभरात. एनआरडब्ल्यू (नॉर्थ राइन-वेस्टफालिया) राज्यातही थेट क्लागंच. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने तुझ्याच राज्यातल्या श्टुटगार्टच्या मित्राचं बघून ऑफिसला विडरश्प्रुख पाठवला आणि उत्तराची वाट बघत बसला, उत्तर आलं तेव्हा महिना उलटून गेला होता. मित्राचं पत्र बघू नका, स्वतःचं शेवटचं पान वाचा.

रूममेटचं ऐकू नकोस. नवीन अर्ज टाकून फिक्त्सिओन परत मिळत नाही, ते परमिट चालू असताना अर्ज केला तरच. आणि तुझी इंडियातली बीई आहे ना? कोणी जॉब देत असेल तर त्या बीईवरही ब्लू कार्डचा (डिग्रीवाल्यांच्या नोकरीच्या परमिटचा) मार्ग असतो, इंजिनियरला २०२५ ची किमान पगाराची मर्यादा वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, सर्वसाधारण मर्यादा ४८,३००, दरवर्षी बदलते. पण रिजेक्शननंतर आतल्या आत बदलून देतील का हे वकिलाला विचार, मी सांगते म्हणून उड्या मारू नकोस बाळा.

थिसिसग्रस्त_ताई

अरे माझं डिट्टो हेच झालं होतं, माझं नववं सेमिस्टर होतं आणि मी तर किचनमधे बसून ढसाढसा रडले होते, शेजारची जर्मन आजी केक घेऊन आली होती, असो.

तुझ्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट सांगते. ४ अधिक ३ असं लिहिलंय ना? तिथेच त्यांचं चुकतंय बहुतेक. त्यांच्या नियमावलीत मोजणी कोर्सच्या कागदावरच्या ४ सेमिस्टरपासून नाहीये, तुझ्या युनिव्हर्सिटीत त्या कोर्सला मुलं प्रत्यक्षात सरासरी जेवढी सेमिस्टर घेतात तिथपासून आहे, त्याच्यावर ३. आता मेकॅनिकलला चारात कोण पास होतं रे, मला एक दाखव. त्यामुळे डीनच्या ऑफिसला जाऊन सरासरी किती ते लेखी घे. माझ्या वेळेस त्या कागदाने सगळा सूर बदलला.

दुसरा कागद प्रोफेसरचा. "मुलगा हुशार आहे, मेहनती आहे" असलं प्रेमपत्र नको, त्याचा उपयोग शून्य. किती क्रेडिट झाले, काय उरलंय, थिसिस कधी रजिस्टर केला, कधी जमा होणार, महिना-वर्ष टाकून. कायद्यात १६ब मधे एवढंच बघायचंय की अभ्यास वाजवी वेळात पुरा होईल का, आणि त्यासाठी युनिव्हर्सिटीला विचारता येतं असंही तिथेच लिहिलंय. तिसरा, आईचे हॉस्पिटलचे कागद, डिस्चार्ज समरी, आणि पासपोर्टवरचे शिक्के, ते ५ महिने तू इथे नव्हतास हे दिसायला. त्या सेमिस्टरला उरलाउब्ससेमेस्टर, म्हणजे युनिव्हर्सिटीची अधिकृत सुट्टी, घेतला होतास का? घेतला असशील तर उत्तमच.

पैसे नसतील तर आम्ट्सगेरिष्टमधे (स्थानिक कोर्टात) जाऊन बेराटुंग्सहिल्फंचा, म्हणजे वकिलाच्या सल्ल्यासाठीच्या मदतीचा, कागद माग, बँक स्टेटमेंट आणि घरभाड्याचं काँट्रॅक्ट ने, तो मिळाला तर वकिलाला १५ युरो देऊन विडरश्प्रुखचं काम होतं, कोर्टाची मदत वेगळी मागावी लागते. ब्लॉक्ड अकाउंटमधे पैसे दिसले तर ते नकार देऊ शकतात, विचारायला काय जातं. कारितास किंवा आवो या समाजसेवी संस्थांचे मिग्रात्सिओन्सबेराटुंगवाले (परदेशींना सल्ला देणारे) फुकट पत्र वाचून देतात, मला एका बाईंनी अख्खं पत्र सोप्या जर्मनमधे समजावलं होतं. मी रानडेत तीन वर्षं जर्मन शिकले, लेखकांची चरित्रं पाठ केली, पण सरकारी जर्मन वाचायला कुणी शिकवलं नाही.

कामाचं, विडरश्प्रुखची मुदत संपेपर्यंत कामापुरतं जुनं परमिट चालू धरतात, आणि कोर्टात आइलआंट्राग चालू असताना पण. पण एचआरला वकिलाकडून दोन ओळी लिहून दे, नाहीतर तेच घाबरून काढून टाकतात.

आईला सांग रे. माझ्या आईला तिसऱ्याच कुणाकडून कळलं, ते जास्त वाईट झालं.

परत_आलेला_पुणेकर

सगळे लढ म्हणतायत म्हणून मी दुसरी बाजू सांगतो, मी परत आलोय. दाजी अगदीच चुकीचे नाहीत. मुदतीत स्वतःहून निघालास तर नुसतं रिजेक्शन रेकॉर्डवर राहतं, नवीन व्हिसा अर्जात ते खरं खरं लिहावं लागतं, बस. पण मुदत संपल्यावर बसून राहिलास आणि डिपोर्ट केलं तर परत यायलाच बंदी लागते, त्यातून सुटायला वर्षं जातात. तुला ग्रेन्सयूबरट्रिट्सबेशायनिगुंग (देश सोडल्याची नोंद करायचा कागद) दिलेला असेल तर तो निघताना बॉर्डरवर जमा करायला विसरू नकोस, तू वेळेत गेलास याचा पुरावा तोच.

माझं थिसिस बाकी नव्हतं, ५ पेपर बाकी होते आणि कारण पण काही नव्हतं, खरं सांगायचं तर पार्टटाइम काम जास्त केलं, अभ्यास कमी. वकिलाने पहिल्या भेटीतच सांगितलं की पैसे घालवू नका. तुझी केस तशी वाटत नाहीये. पण वकील तसं म्हणाला तर ऐक.

पोहे_विथ_ब्रेझेल

मधेच विचारतोय, बहिणीचा स्टुडंट व्हिसा मुंबईहून रिजेक्ट झालाय, तिला पण विडरश्प्रुख का? कोणीतरी रिमॉन्स्ट्रेशन, म्हणजे दूतावासालाच फेरविचाराची विनंती, लिहायला सांगितलं.

नेकारकाठचा

नाही, व्हिसाचं गणित वेगळं. रिमॉन्स्ट्रेशन १ जुलै २०२५ पासून सगळीकडे बंद केलंय, यूट्यूबवरचे जुने व्हिडिओ बघू नकोस. आता एकतर बर्लिनच्या फेर्वाल्टुंग्सगेरिष्टमधे क्लागं किंवा त्रुटी सुधारून नव्याने अर्ज. सेमिस्टर सुरू व्हायचं असेल तर बहुतेक जण नवा अर्जच करतात, कोर्टाला वेळ लागतो. वेगळा धागा काढ, इथे या पोराचं चालू दे.

साताऱ्याचा_मेकॅनिक

मंडळी, अपडेट. लिफाफा सापडला, निळ्या डब्यातच होता, त्याच्यावर मी दही, कांदे, टॉयलेट पेपर अशी यादी लिहिली होती, त्याच्या वर कोपऱ्यात पोस्टमनच्या अक्षरात तारीख. मी पेटी उघडली त्याच्या चार दिवस आधीची! म्हणजे मी माझ्या हिशोबाने गेलो असतो तर चार दिवस उशीर.

विडरश्प्रुख स्वतः नेऊन दिला, काउंटरवरच्या बाईंनी काही न बोलता शिक्का मारला. वकील मिळाले, तेही म्हणाले ४ अधिक ३ हेच पकडायचं. डीनच्या ऑफिसने लेखी दिलंय की आमच्या कोर्सला सरासरी ६ सेमिस्टर लागतात. म्हणजे ९. मी आठव्यात. ताई, तुम्हाला साताऱ्याचे कंदी पेढे लागू.

आइलआंट्राग गेल्या आठवड्यात टाकला, कोर्टाचा केस नंबर आला आणि कोर्टाने विचारल्यावर ऑफिसने कळवलंय की निकालापर्यंत काही कारवाई करणार नाही. एचआरने वकिलाचं पत्र फाइलला लावलं, काम चालू आहे. निकाल अजून नाही. उरलाउब्ससेमेस्टर मी घेतला नव्हता, ते माहीतच नव्हतं, त्यावर वकिलांनी नुसती मान हलवली.

आईला सांगितलं. ती म्हणाली, माझ्या डिस्चार्जचे कागद बाबांच्या कपाटात आहेत, दुपारी फोटो पाठवते, तू जेवलास का.