उंच पट्टीचे गायक खरंच गायब होतात का?

पुरुष गायकाचा उंच, चिरका आवाज आणि भडक कपडे म्हणजे एका गाण्यापुरती गंमत, मग मंडळी गायब, असं कुणीतरी म्हटलंय. नाही पटलं. पॉप गायक मिका घ्या. २००७ मध्ये त्याचं ‘ग्रेस केली’ हे गाणं ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. नंतर तिथला गाजावाजा ओसरला हे खरं, पण गडी फ्रान्स-इटलीत टीव्हीवरचा लाडका परीक्षक झाला आणि २०२२ च्या तुरीनमधल्या युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेचा एक सूत्रसंचालकही. गायब कुठे?

अमेरिकन गायक सिल्वेस्टरला तर विसरूच नका. लहानपणी चर्चमध्ये गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतं, गायलेला, त्यामुळे त्याच्या फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या पट्टीच्या वर काढलेल्या पातळ आवाजात, नुसती उंची नाही, दमही होता. १९७८ मध्ये डिस्कोत झळकला. अंगावर झगमगाट, आणि समलिंगी असणं लपवायची भानगड नाही. १९८८ मध्ये एड्सने गेला. जाताना रॉयल्टी एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थांच्या नावे करून गेला.

ब्रिटिश गायक जिमी सॉमरव्हिलला मात्र या भडक कपडेवाल्यांच्या यादीत कोंबू नका. आवाज तसाच वरच्या पट्टीतला, पण केस बारीक, कपडे साधे. ब्रॉन्स्की बीट हा बँड सोडल्यावर १९८६ मध्ये त्याने कम्युनार्ड्स या नव्या बँडबरोबर ब्रिटनमधलं त्या वर्षीचं सर्वाधिक खपाचं सिंगल (सुटं विकलं जाणारं गाणं) दिलं. त्यात भडक काय होतं?