मदत हवी आहे: ‘लालफीतशाही’ लिहू की ‘दप्तरदिरंगाई’?

नमस्कार मंडळी,

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या काही कुटुंबांची कुटुंब-पेन्शनची प्रकरणं रखडली आहेत. त्याबद्दल निवेदन द्यायचंय. मसुदा गुजरातीत तयार आहे आणि त्यात ‘तुमारशाही’ हा शब्द आहे. सह्या करणाऱ्या आज्यांना आपण कशावर सही करतोय ते नीट कळायला हवं, म्हणून मी तो मराठीत उतरवतेय.

मी ‘लालफीतशाही’ लिहिलं. शेजारचे काका म्हणतात, ‘दप्तरदिरंगाई’ लिही. महाराष्ट्रात त्याच नावाने ओळखला जाणारा 2005चा कायदा आहे आणि त्यानुसार एका कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामाच्या 7 दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये.

पण आमच्याकडे फाइल पडून राहत नाही, सारखी फिरते! एका मावशींच्या मराठी कागदावर नावापुढे ‘बाई’ आहे, गुजराती कागदावर ‘बेन’. म्हणून प्रतिज्ञापत्र मागितलं. ते दिलं, तर पुढच्या टेबलावर म्हणाले नमुना जुना आहे. कुणी पैसे मागितले नाहीत, उद्धटपणाही नाही. याला दिरंगाई म्हणायचं का?

आणखी एक विनंती. सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 साली, ‘सयाजी शासन शब्दकल्पतरू’ हा राज्यकारभारातल्या शब्दांचा बहुभाषी कोश निघाला होता. कुणाकडे प्रत असेल तर या अर्थाचा मराठी शब्द त्यात पाहून सांगाल का?

प्रतिसाद:

ताई, तुमचाच शब्द ठेवा. इंग्लंडात सरकारी आणि कोर्टाचे कागद लाल फितीने बांधत, आपल्या कचेऱ्यांतही तसे गठ्ठे बांधले जात. त्यावरून ‘लाल फितीचा कारभार’, ‘प्रकरण लाल फितीत अडकलं’ असं आपण म्हणतो. काम बाजूला राहून कागदाला कागद जोडत बसणं, हा त्याचा अर्थ. वेळेत काम न करणं ही दिरंगाई. लाच हा तर वेगळाच गुन्हा, त्याचा वासही निवेदनाला नको, नाहीतर समोरचा माणूस बिथरेल.

मात्र तो शब्द एकदाच वापरा. ‘शाही’ आलं की टीका आलीच. त्याखाली मावशींचा प्रत्येक कागद कोणत्या टेबलावर, कोणत्या तारखेला मागितला ते लिहा आणि पोच घेतल्याशिवाय निवेदन देऊ नका. ‘बाई’ आणि ‘बेन’ची अडचण इतरांनाही आली असेल, तर दोन्ही नावांसाठी एकच प्रतिज्ञापत्र सगळ्या टेबलांवर चालावं, अशी स्पष्ट मागणी करा.