शब्दचर्चा : ‘मॅक्रो’ला मराठीत काय म्हणावे, आणि ‘छोट्या भाषे’ला?

विचारणा (फोंडा)

मी गोव्यातील फोंड्याजवळच्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतलेली बरीच मुले माझ्या वर्गात असल्यामुळे, लिस्प-कुळातील स्कीम या प्रोग्रामिंग भाषेची टिपणे यंदा मी मराठीत लिहायला घेतली आहेत. यादी, अट, पुनरावृत्ती यांपाशी काही अडले नाही, पण मॅक्रोच्या प्रकरणात लेखणी थांबली. मॅक्रो म्हणजे लिहिलेल्या आटोपशीर ओळीच्या जागी, प्रोग्राम चालण्यापूर्वीच, तिचे दुसरे, बहुधा पसरलेले रूप बसवणारी सोय. एका सहकाऱ्यांनी ‘बृहदाज्ञा’ सुचवले आणि दुसऱ्यांनी ‘स्थूल अर्थशास्त्रा’च्या धर्तीवर ‘स्थूलादेश’. दोन्ही शब्द ऐकायला भारदस्त आहेत, परंतु मॅक्रो नेमके काय करतो हे त्यांतून कळत नाही. त्याच प्रकरणात पुढे ज्यांना इंग्रजीत ‘हायजिनिक’ म्हणतात ते मॅक्रो येतात आणि शेवटी एकेका कामासाठी रचलेल्या छोट्या भाषा येतात. या तिन्हींसाठी जाणकारांनी शब्द सुचवावेत.

प्रतिसाद (डिचोली)

मी संस्कृत आणि मराठी व्याकरण शिकवलेला निवृत्त शिक्षक आहे. संगणकाचे ज्ञान मुलाकडून ऐकलेले, तेवढेच. आपल्या वर्णनावरून मला समासाची आठवण झाली. ‘पंचवटी’ हा आटोपशीर शब्द आणि ‘पाच वडांचा समूह’ हा त्याचा विग्रह. मॅक्रोचे आटोपशीर रूप आणि त्याचे पसरलेले रूप यांचे नाते असेच असेल, तर पसरण्याच्या क्रियेला ‘विग्रह’ म्हणता येईल.

याहून जवळचा शब्द पाणिनीकडे आहे. तेथे ज्याच्या जागी दुसरे काही येते तो ‘स्थानी’ आणि जे येते तो ‘आदेश’. ‘इति’ आणि ‘आदि’ जोडताना इकाराच्या जागी यकार येतो आणि ‘इत्यादि’ होते. त्यातील यकार हा आदेश होय. येथे आदेश म्हणजे हुकूम नव्हे, एकाच्या जागी दुसरे बसवणे. आपल्या सहकाऱ्यांचा ‘स्थूलादेश’ हुकूम या अर्थाने आला असावा, पण पाणिनीच्या अर्थाने घेतला तर त्यातील ‘स्थूल’ गाळून उरलेला भाग अगदी चपखल बसतो.

प्रतिसाद (म्हापसा)

गुरुजींचा ‘आदेश’ वाचून मी बराच वेळ विचार करीत बसलो. मी गेली काही वर्षे क्लोजर आणि रॅकेट या लिस्प-कुळातील भाषांत काम करतो, आणि मॅक्रोचे इतके नेमके वर्णन मी आजवर मराठीत वाचले नव्हते. तरीही संज्ञा म्हणून ‘आदेश’ घेता येणार नाही असे मला वाटते, कारण आजच्या वाचकाला तो शब्द न्यायालयाचा किंवा मामलेदार कचेरीचा वाटतो, आणि संगणकाच्या संदर्भात तर तो हुकूमच ठरतो. समजावून सांगताना मात्र तो जरूर वापरावा. ‘विग्रहा’विषयी माझी हरकत वेगळी आहे. समास आणि त्याचा विग्रह ही दोन्ही रूपे भाषेत बरोबरीने नांदतात; मॅक्रोचे मूळ रूप मात्र पसरल्यानंतर उरतच नाही, यंत्रापुढे फक्त पसरलेले रूप जाते.

‘बृहत्’ आणि ‘स्थूल’ यांचा मोह का होतो तेही पाहावे. ग्रीकमध्ये ‘माक्रोस’ म्हणजे लांब, मोठा. असेंब्ली या यंत्राच्या अगदी जवळच्या भाषेच्या काळात एका ओळीच्या पोटातून अनेक यंत्रसूचना निघत, म्हणून त्या ओळीला मॅक्रो-सूचना म्हणू लागले. तेथे मोठेपणाला अर्थ होता. जॉन मॅकार्थी यांनी 1958 मध्ये लिस्पची आखणी केली आणि 1963 मध्ये टिमोथी हार्ट यांनी तिच्यात मॅक्रो आणले, तेव्हा आकाराचा प्रश्न मागे पडला. लिस्पमध्ये आज्ञावली ही स्वतःच कंसांतली यादी असते. म्हणून तेथील मॅक्रो न चाललेली आज्ञावली यादीच्या रूपात हातात घेतो, तिच्यापासून दुसरी यादी बनवतो आणि ती मूळच्या जागी ठेवतो. पसरलेले रूप मूळ रूपापेक्षा लहानही असू शकते. त्यामुळे मोठेपणा सांगणारा कोणताही शब्द येथे दिशाभूल करील.

बाईंना वर्गात सांगता येईल असे एक उदाहरण देतो. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या भातशेतीत, बांधावर ‘मानस’ असते, म्हणजे पाणी अडवणारे आणि सोडणारे दार. जुने लाकडी मानस भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला उघडते, त्याला प्रोग्रामची गरज नाही; पण यंत्रावर चालणारे मानस आहे असे मानू. आपल्याला असे लिहायचे आहे :

(नसल्यास भरती? (मानस-उघड))

‘नसल्यास’ हे साधे फंक्शन असेल, तर स्कीमच्या नियमाप्रमाणे त्याला दिलेल्या सर्व पदांचे मूल्य आधी काढले जाईल, म्हणजेच ‘मानस-उघड’ आधीच चालेल. भरतीची चौकशी होईपर्यंत खारे पाणी भातात शिरलेले असेल. ‘नसल्यास’ हा मॅक्रो असेल, तर ती दोन्ही पदे त्याच्याकडे न चालवता, जशीच्या तशी येतात, आणि तो त्यांच्यापासून हे बनवतो :

(जर भरती? काही-नको (मानस-उघड))

आता भरती असेल तर मानस-उघड चालतच नाही. फंक्शनला तयार पदार्थ मिळतो आणि मॅक्रोला पदार्थाची कृती मिळते, हा फरक मुलांना कळला की अर्धे प्रकरण झाले.

नवी यादी बनवण्यासाठी लिस्पमध्ये उलटे अवतरणचिन्ह वापरतात. त्याच्या आतले सगळे जसेच्या तसे राहते, आणि स्वल्पविरामाची खूण केलेल्या जागी मात्र दिलेले पद येऊन बसते. याला पुस्तकी शब्द ‘साचा’ असा सुचेल, पण मला चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती माटोळी अधिक योग्य वाटते. साच्यातून निघणारी प्रत्येक मूर्ती सारखीच असते. माटोळीची लाकडी चौकट दरवर्षी तीच, आणि तिला बांधायची फळे-फुले घराघरांत निराळी.

माझे मत असे की नाम म्हणून ‘मॅक्रो’च ठेवावे, आणि मराठीपण क्रियापदात आणावे. फंक्शन ‘चालते’, मॅक्रो ‘उलगडतो’. नाम लागलेच तर ‘विस्तार’ म्हणावे, कारण ‘उलगडा’ म्हटले की रहस्याचा उलगडा डोळ्यांपुढे येतो.

मूळ विचारणाकर्ती (फोंडा)

‘उलगडतो’ मला तत्काळ पटले. मॅक्रोच्या आत मॅक्रो असला की तो पायरीपायरीने उलगडत जातो, हेही त्या क्रियापदात आपोआप येते. हायजिनिक मॅक्रोसाठी मला ‘सोवळा मॅक्रो’ असे सुचले होते. दोन चलांच्या किमतींची अदलाबदल करणाऱ्या मॅक्रोने आपल्या सोयीसाठी ‘तात्पुरता’ नावाचे चल वापरले, आणि वापरणाऱ्याच्या चलाचे नावही नेमके ‘तात्पुरता’ असले, तर दोन्ही किमती जागच्या जागी राहतात आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. हा विटाळ टाळणारा तो सोवळा, असा माझा विचार होता.

प्रतिसाद (डिचोली)

बाई, हा शब्द कृपया घेऊ नका. सोवळ्याने आपल्या समाजात माणसांना दूर ठेवले, त्या शब्दाची ओळख मुलांना एखाद्या गुणाचे नाव म्हणून व्हावी असे मला वाटत नाही. शिवाय अर्थही जुळत नाही. येथे कोणी अपवित्र नाही. दोन चलांचे नाव एकच आहे, इतकेच. वाड्यावर एकाच नावाची दोन माणसे असली की पोस्टमन घराचे नाव विचारतो, तशी ही सोय आहे.

प्रतिसाद (म्हापसा)

गुरुजींशी मी पूर्ण सहमत आहे, आणि त्यांचा दाखला तंत्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. कॉमन लिस्पमध्ये मॅक्रो लिहिणारा ‘जेनसिम’ वापरून कोठेच नसलेले कोरे नाव स्वतः मागून घेतो. कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन आणि डुबा या संशोधकांनी 1986 मध्ये दाखवले की प्रत्येक नाव कोणत्या घरचे आहे याची नोंद उलगडणारी यंत्रणाच ठेवू शकते. स्कीमचे नियम ठरवणाऱ्या 1998 च्या पाचव्या अहवालात ही सोय भाषेचा आवश्यक भाग झाली. येथे मी ‘अलिप्त मॅक्रो’ सुचवतो, कारण तो आपली नावे दुसऱ्याच्या नावांत गुंतू देत नाही.

छोट्या भाषेसाठी कोणी ‘बोली’ सुचवील, म्हणून आधीच लिहितो. स्कीम, कॉमन लिस्प, क्लोजर यांना लिस्पच्या बोली म्हणण्याची रीत आहे, तेव्हा तो शब्द गुंतलेला आहे. शिवाय कोणती भाषा आणि कोणती बोली या प्रश्नावर गोव्यात मराठी आणि कोंकणी माणसांनी एकमेकांची मने पुष्कळ दुखावली आहेत. वर्गातल्या निम्म्या मुलांचे लक्ष मॅक्रोवरून त्या वादाकडे वळेल. ‘लघुभाषा’ हा शब्द चालेल, पण त्यात फक्त आकार येतो, आणि आपण वर ‘बृहत्’ याच कारणाने नाकारले. मला ‘कामापुरती भाषा’ अधिक नेमके वाटते. खाजनाचे नियम लिहायला ‘नसल्यास’, ‘भरती-होताच’, ‘ओहोटीपर्यंत’ असे दहाबारा मॅक्रो रचले, की बांधाची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला ते नियम वाचता येतात आणि चुकलेला नियम बोट ठेवून दाखवताही येतो. त्या भाषेत पगारपत्रक लिहिता येणार नाही, आणि तसे येण्याची गरजही नाही.

मूळ विचारणाकर्ती (फोंडा)

दोघांचीही मी मनापासून आभारी आहे. ‘मॅक्रो’, ‘उलगडणे’, ‘अलिप्त’ आणि ‘कामापुरती भाषा’ हे शब्द टिपणांत घेत आहे, आणि स्थानी-आदेशाची चौकट गुरुजींच्या शब्दांत स्वतंत्रपणे देत आहे. माटोळीचे उदाहरण घालताना एक अडचण जाणवली : कधी एका खुणेच्या जागी एक पद बसते, तर कधी पदांची अख्खी यादी कंस सोडून सुटी होऊन बसते. या दुसऱ्या प्रकाराला मी ‘घड सोडवून बांधणे’ असे लिहिले आहे, कारण केळ्यांचा घड अखंड टांगणे आणि फण्या सुट्या करून टांगणे यांतला फरक मुले चवथीला घरी पाहतात. शब्द खटकत असेल तर टिपणे छापायला जाण्यापूर्वी कळवावे.