कबीरांचा कोंबडीचा शबद आणि शिखांचा मांसाहार

इंद्रायणीकाठ:
आमच्या घरात माळ आहे, मांसमच्छी वर्ज्य. नामदेवरायांची ६१ पदं आहेत म्हणून गुरू ग्रंथ साहिब वाचायला घेतला. पान १३५० वर कबीर विचारतात, सगळ्यांत एकच खुदा आहे म्हणता, तर कोंबडी का मारता? एवढं स्पष्ट असून माझे नांदेडचे शीख स्नेही मटण खातात. हे कसं?

गोदातीर:
माउली, मी नांदेडचाच, दखनी शीख. ती ओळ सुटी वाचू नका. शबदाचा, म्हणजे पदाचा, अर्थ 'रहाउ'च्या ओळीभोवती फिरतो, अभंगाच्या ध्रुपदासारखा. इथलं रहाउ मुल्लाला उद्देशून आहे: खुदाचा न्याय सांगतोस, पण तुझ्याच मनातला भ्रम जात नाही. पुढे विचारलंय, देह मारलास, ज्योत तर अनाहतात, म्हणजे अविनाशी परमात्म्यात, मिळाली, मग हलाल काय केलंस? मारून वर पुण्य सांगणाऱ्याला हा प्रश्न आहे. अर्थात कबीरांना जीवाची कळवळ नव्हती असं मी मुळीच म्हणणार नाही. अंग (ग्रंथाचं पान) १३७४ वर ते मीठ घातलेल्या खिचडीला उत्तम जेवण म्हणतात. मांसासाठी गळा कोण कापून घेईल, असं विचारतात.

आता गुरू नानकांचं अंग १२८९ वाचा. 'मासु मासु करि मूरखु झगड़े.' मांस सोडून नाक धरून बसणारे रात्री माणसं खातात, असं तिथे सुनावलंय. अंग १४१ वर तर परक्याचा हक्क खाणं मुसलमानाला डुकरासारखं, हिंदूला गायीसारखं म्हटलंय. माझे वडील मोंढ्यात आडत करायचे. घरी मटण शिजायचं, पण तोलात काटा मारलेला पैसा त्यांनी उंबऱ्याआत येऊ दिला नाही. मी गुरबाणी, म्हणजे ग्रंथातली वाणी, त्यांच्याकडून शिकलो.

साधासवाल:
मग अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शिखांना बंधन काय?

गोदातीर:
१९४५च्या रहत मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, 'कुठा' वर्ज्य आहे, म्हणजे हलाल पद्धतीचं मांस. अखंड कीर्तनी जत्था या शीख गटाचे लोक त्यात सगळंच मांस धरतात, आणि ते मनापासून पाळतात. इथे नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात सणाला बकऱ्याचा झटका होतो, म्हणजे एका घावात मारतात, पण लंगर (सर्वांसाठीचं जेवण) शाकाहारी, कारण त्या पंगतीत कुणालाही बसता यायला हवं.

इंद्रायणीकाठ:
म्हणजे खाण्याला नियमच नाही?

गोदातीर:
आहे ना. अंग १६, सिरीराग: ज्या खाण्याने तन पिडतं आणि मनात विकार चालतात, ते खाणं टाळा. माळ मोडायला कुणीच सांगत नाही, माउली. तुमच्या स्नेह्यांकडे जाल तेव्हा त्यांना अंग १२८९ मोठ्याने वाचायला सांगा, आणि न थांबता पुढची ओळही.