मदत हवी आहे: दुबईला जाणाऱ्या मालाला तिथल्याच कंपनीचा विमा चालतो का?

रायवळ (सोमवार, रात्री ९:४०)

गुरुवारी कंटेनर भरायचा आहे, म्हणून थोडक्यात विचारतो. उत्तरही थोडक्यात मिळालं तर बरं.

माल दुबईला जातोय. तिथल्या पार्टीचा दुपारी फोन आला, की विमा तुमच्याकडे काढू नका, इथल्या माझ्या ओळखीच्या कंपनीत काढू, निम्म्यात होतो. मला इकडे आठ हजारांच्या आसपास सांगितलेत. त्याचं म्हणणं, २०२२ ला दोन्ही देशांचा करार झालाय, आता सगळं खुलं आहे, तिकडची कंपनी काय आणि इकडची काय. बँकेतल्या साहेबांना विचारलं तर "सर्क्युलर बघावं लागेल" म्हणाले आणि जेवायला उठले. सीएचा फोन लागत नाही. मे महिन्यात तो गावी असतो आणि गावात रेंज फक्त देवळामागे येते.

चालतं की नाही, एवढंच सांगा.

निवळीफाटा (९:५२)

कसला माल? पेटीतला हापूस की कॅनिंग? बोटीने की विमानाने? सौदा सीआयएफ (बोटीचं भाडं आणि विमा पाठवणाऱ्याकडे) की एफओबी (दोन्ही घेणाऱ्याकडे)? पैसे कधी येणार? हे सगळं पोटात ठेवून वर "एवढंच सांगा"!

कातळसडा (९:५८)

हापूस नाव लावणार असाल तर जीआयची (भौगोलिक मानांकनाची) वापरकर्ता नोंदणी केलीत का? २०१८ ला रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळालं, पण बागायतदाराने स्वतः नोंदणी करावी लागते. आमच्या वाडीत निम्म्यांनी अजून केलेली नाही. आधी ते बघा.

रायवळ (१०:०३)

काका, मी विमा विचारलाय.

पोफळी (१०:१०)

मी एकच सांगेन: ईसीजीसी. सरकारी कंपनी आहे, १९५७ पासून. माझा काजूचा एक गिऱ्हाईक तीन महिने फोन उचलेना, तेव्हा त्यांच्यामुळेच वाचलो. निर्यात करायची आणि ईसीजीसी घ्यायची नाही म्हणजे लाइफ जॅकेट घरी ठेवून खाडीत उतरणं. दुबई-बिबई सोडा.

निवळीफाटा (१०:१४)

पोफळीशेठ, तो विमा गिऱ्हाईक पैसे बुडवतो तेव्हाचा. हे विचारतायत माल बुडाला तर काय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पोफळी (१०:१६)

बुडणं ते बुडणं.

घाटावरचा (१०:३१)

इतका कसला विचार करताय? जमाना बदलला. विम्यात परकीय गुंतवणूक २६ टक्के होती, २०१५ ला ४९ झाली, २०२१ ला ७४, आणि २०२५ च्या बजेटमध्ये १०० टक्क्यांची घोषणा झाली. लक्ष्मी विलास बँक २०२० मध्ये सिंगापूरच्या डीबीएसच्या इथल्या बँकेत गेली तेव्हा कोणाचं काय बिघडलं? परदेशी कंपनीला बंदी वगैरे जुन्या गोष्टी आहेत. बिनधास्त घ्या.

न्हावाशेवा (११:०५)

उरणला फॉरवर्डिंगमध्ये वीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो. घाटावरचे भाऊ, आकडे बरोबर आहेत, पण ते या प्रश्नाचं उत्तर नाही.

परदेशी कंपनी इथे येते, इथे कंपनी काढते, आयआरडीएआयचा, म्हणजे आपल्या विमा नियामकाचा, परवाना घेते, इथे भांडवल ठेवते. तुमचे २६, ४९, ७४ हे त्याचे आकडे. डीबीएसचंही तसंच, इथे रीतसर भारतीय कंपनी काढून आले. दुसरा प्रकार म्हणजे कंपनी दुबईतच बसते आणि तिथून रत्नागिरीच्या माणसाला पॉलिसी विकते. व्यापार करारात या दोन्हींचे रकाने वेगळे असतात. एका रकान्यात दार उघडं आहे म्हणून दुसऱ्यातही असेल असं नाही.

आणि सेवांच्या बाबतीत आपण जागतिक व्यापार संघटनेत जी यादी दिली आहे, तिच्यात जे लिहिलं तेवढंच कबूल केलेलं असतं. लिहिलं नाही ते खुलं, असा अर्थ होत नाही. परदेशी बँकांना वर्षाला १२ शाखांचे परवाने देऊ, असं तिच्यात आहे. आणि बँकिंगमधल्या एकूण मालमत्तेतला परदेशी बँकांचा वाटा १५ टक्क्यांवर गेला तर नवा परवाना नाकारायची मुभाही राखून ठेवलेली आहे. म्हणजे दार उघडलंय, पण कडी आपल्या हातात.

रायवळ, तुमचं उत्तर मात्र सौद्यावर आहे. सीआयएफ की एफओबी, ते सांगा.

रायवळ (११:१२)

नेहमीचंच आहे, सीआयएफ असणार. माल हापूसचा पल्प, ३.१ किलोचे डबे, सहाचं कार्टन, ९५० कार्टन. बोटीने. आता सांगा.

न्हावाशेवा (११:३०)

सीआयएफ असेल तर नाही.

त्याच यादीत मालवाहतुकीच्या विम्याबद्दल स्पष्ट आहे. भारतात येणारा-जाणारा माल भारतीय कंपनीतच विमा करा, अशी सक्ती नाही. पण सौद्यात विम्याची जबाबदारी भारतीय निर्यातदाराने किंवा आयातदाराने घेतली असेल, तर विमा भारतीय कंपनीचाच. उदाहरणंही तीच दिली आहेत: आयातीत एफओबी, निर्यातीत सीआयएफ. शिवाय १९३८ च्या विमा कायद्यात २ सीबी कलम आहे. भारतातल्या मालमत्तेचा विमा नियामकाच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय परदेशी कंपनीत काढता येत नाही. तुमचे डबे गोदामात आणि ट्रकात असेपर्यंत भारतातलीच मालमत्ता आहेत.

घाटावरचा (११:४१)

मग करार कशाला केला? फोटो काढायला?

न्हावाशेवा (११:५५)

कस्टम ड्युटीसाठी मुख्यतः. सही १८ फेब्रुवारी २०२२ ची, लागू झाला १ मे ला, महाराष्ट्र दिनीच. मूळ देशाचा दाखला जोडला की तिकडच्या ड्युटीत सवलत. सेवांचं प्रकरण त्यातही आहे, दोन्ही देशांच्या याद्याही आहेत. पण पैशाच्या धंद्यात कुठलाच देश नियामकाचे हात बांधून घेत नाही. जागतिक कराराच्या वित्तीय सेवांच्या परिशिष्टातच लिहिलंय की ठेवीदार आणि पॉलिसीधारकांच्या रक्षणासाठी देशाला आपले नियम ठेवता येतील. तिकडची कंपनी उद्या क्लेम देईना झाली तर तुम्ही भांडणार कुठे? शारजात?

घाटावरचा (मंगळवार, सकाळी ७:२०)

परवाना घेतलेल्या कंपन्या इथे तरी कुठे सुखाने क्लेम देतात! माझ्या गाडीचं बंपर दीड वर्ष झालं...

निवळीफाटा (७:३५)

बंपरचा वेगळा धागा काढा.

रापण (८:०२)

ओ न्हावाशेवावाले, माका एक सांगा. माझो ट्रॉलर मालवणाक आसा. मस्कतातलो पावणो म्हणता, थयसर विमो स्वस्तात करून देतंय. चलात काय? १ जूनपासून बंदी लागता, दोन महिने बोट किनाऱ्याकच, म्हणान आत्ताच इचारतंय.

न्हावाशेवा (८:४०)

नाही चालणार. ते २ सीबी कलम भारतात नोंदलेल्या जहाजालाही लागतं. नोंदणी इथली, विमा इथला. पाहुण्याला म्हणावं खजूर पाठव.

रापण (८:४४)

खजूर येतत दरवर्सा. देव बरे करो.

खाडीपलीकडे (९:१५)

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मी १४ वर्षं कुवेतला होतो, तिथे आयुर्विमा काढला होता. आता कायमचा दापोलीला आलोय. ही पॉलिसी बंद करावी लागेल का? एजंट म्हणतो बेकायदा आहे, मोडा आणि माझ्याकडे नवीन घ्या.

न्हावाशेवा (९:३०)

परदेशात राहत असताना घेतलेली पॉलिसी परतल्यावर पुढे चालू ठेवायला फेमा या परकीय चलन कायद्याखालच्या नियमांत सर्वसाधारण परवानगी आहे. हप्ते भरण्याचं आधी बँकेत विचारून घ्या. एजंटचं ऐकून काही मोडू नका.

चिपळूणची (११:०८)

रायवळ दादा, "सीआयएफ असणार" म्हणजे काय? असणार नाही, आहे का ते बघा. प्रोफॉर्मा इनव्हॉइस काढा आणि किमतीच्या बाजूला काय छापलंय ते वाचा. मी कोकमाचं आगळ पाठवते, दोन वर्षं मीही सीआयएफ सीआयएफ म्हणत होते. कागदावर वेगळंच होतं.

आणि एक न विचारलेलं सांगते. कंटेनर आला की भरायच्या आधी आत जाऊन उभे राहा आणि बाहेरच्या माणसाला दोन्ही दारं लावायला सांगा. मिट्ट काळोख पडला पाहिजे. कुठेही उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर घेऊ नका. माझी ३७ खोकी अशीच भिजली. त्यावर विमा कंपनीने जे पत्र पाठवलं, ते फ्रेम करून लावण्यासारखं आहे.

रायवळ (दुपारी १:४०)

ताई, बघितलं. "सी अँड एफ जेबेल अली" (दुबईचं बंदर) लिहिलंय. दोन्ही एकच ना?

निवळीफाटा (१:४१)

🤦

न्हावाशेवा (२:२५)

एक नाही हो. सगळा खेळच बदलला.

सी अँड एफमध्ये भाडं तुम्ही भरता, विमा नाही. न्हावाशेव्याला माल बोटीवर चढला की पुढची जोखीम घेणाऱ्याची. म्हणजे समुद्रातला विमा हा त्याचा प्रश्न, त्याने दुबईत काढावा नाहीतर कुठेही, आपला कायदा आड येत नाही. तुमचा पार्टीवाला नकळत बरोबर बोलला, फक्त कारण चुकीचं दिलं. कराराचा इथे संबंधच नाही.

पण मग तो तुमच्याकडून पैसे कसले मागतोय?

रायवळ (२:५०)

मागत नाही, बिलातून ५० डॉलर कापून घेतो म्हणतोय. तुमच्या वतीने भरतो म्हणाला.

चिपळूणची (२:५३)

वतीने!!

न्हावाशेवा (३:१५)

कापू देऊ नका. विमा त्याचा, हप्ता त्याचा. शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला दिलेल्या निर्यातीच्या कागदात, दाखवली त्यापेक्षा रक्कम कमी आली की बँक विचारते, आणि मग त्या ५० डॉलरसाठी तुम्ही पत्रं लिहीत बसाल. तेव्हा साहेब जेवायला गेलेले नसतील.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी उरतात. कारखान्यापासून बोटीवर चढेपर्यंतची जोखीम तुमची. कशेडीच्या अलीकडे ट्रेलर आडवा झाला तर दुबईचा कागद कामाचा नाही. तेवढ्या टप्प्याचा इथल्या कंपनीचा विमा घ्या, आठ हजार लागणार नाहीत. दुसरं, त्याच्या पॉलिसीची प्रत मागवा आणि इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज (मालाच्या विम्याच्या ठरलेल्या अटी) ए आहे की सी, ते बघा. ए सगळ्यात मोठं कव्हर, सी सगळ्यात कमी. निम्म्यात होतोय म्हणजे सी असावा. सीमध्ये बोट बुडाली, आग लागली, टक्कर झाली तर मिळतं. पाणी आत शिरून डबे गंजले तर नाही. आणि डबे आपसूक फुगले तर ए घेऊनही नाही, तो मालाचाच दोष धरतात.

पैसे कधी देणार आहे? निवळीफाट्यांनी काल विचारलं होतं, उत्तर आलं नाही.

रायवळ (३:४०)

माल पोचल्यावर ३० दिवसांनी.

पोफळी (३:४२)

काय म्हणत होतो मी?

न्हावाशेवा (३:५८)

पोफळीशेठ, या वेळी मानलं. उधारीवर आहे तर ईसीजीसीचं विचाराच. शिवाय इथल्या कंपन्यांकडे "सेलर्स कंटिन्जन्सी" नावाचं छोटं कव्हर मिळतं. माल वाटेत खराब झाला, घेणाऱ्याने हात वर केले आणि त्याच्या विम्यातूनही तुम्हाला काही आलं नाही, तर त्यासाठी.

पोफळी (४:०१)

बुडणं ते बुडणं, हे मी सोमवारीच लिहिलंय.

घाटावरचा (४:३०)

एवढा ऊहापोह चार हजार रुपयांसाठी?

रायवळ (रात्री ८:१५)

एका कंटेनरचे चार हजार. हंगामात सहा जातात. आणि घाटावर आंबा विकायला येतो तेव्हा पेटीमागे पन्नास रुपयांसाठी कोण घासाघीस करतं, ते आम्हाला माहीत आहे.

पार्टीला फोन केला. म्हटलं, सी अँड एफ आहे, विमा तुझा, बिलाला हात लावायचा नाही. तो हसला आणि म्हणाला, ठीक आहे. म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

रायवळ (गुरुवार, संध्याकाळी ६:५०)

त्याच्या पॉलिसीची प्रत आली. क्लॉज सी. ट्रकाच्या टप्प्याचा विमा इथून घेतला, कंटिन्जन्सीचं उद्या कळेल, ईसीजीसीचा फॉर्म आणलाय.

कंटेनर दुपारी आला. चिपळूणच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आत उभा राहिलो आणि पोराला दारं लावायला सांगितली. आतमध्ये भट्टी. दोन मिनिटं काही दिसेना, मग डाव्या कोपऱ्यात छपराला सुईएवढा उजेड दिसला. ड्रायव्हर म्हणाला, टेप लावतो, वर चढून डांबर फासतो, सगळे असेच नेतात. परत पाठवला. दुसरा उद्या सकाळी येतोय. ९५० कार्टन शेडमध्ये पडून आहेत आणि बाहेर वळवाचा पाऊस सुरू झालाय.

चिपळूणची (७:०२)

शाब्बास. शेडचं छप्पर बघितलंत का?

निवळीफाटा (७:०६)

आणि रिकामा परत गेला त्याचं भाडं कोण भरणार?

रायवळ (७:३०)

छप्पर बघून आलो, दोन ठिकाणी बादल्या लावल्यात. भाड्याचं शिपिंग लाइनवाल्याशी बोलणं चालू आहे. कंटेनर त्यांनी फुटका दिला, भाडं मी का भरू? यावर कोणाला काही माहीत असेल तर सांगा. हो की नाही, एवढंच.