मदत हवी आहे: ट्यूबलाइटखाली रोपं नुसती लांबतायत

रानभूल
घरात ट्यूबलाइटखाली बिया टाकल्या. उगवल्या छान, पण आता रोपं दोऱ्यासारखी लांबून आडवी पडताहेत. ट्यूब नवीन आहे. काय चुकतंय? जरा लवकर सांगा.

पानगळ
कसली रोपं? ट्यूब किती उंचीवर? किती तास चालू?

रानभूल
टोमॅटो. ट्यूब असते तिथेच, छताला. दिवसभर चालू.

खुरपं
छताला? अहो, तो उजेड तुमच्यासाठी झाला, रोपांच्या वाट्याला काय उरतंय! शेंड्यापासून ५ ते १० सेंमीवर आणा. साखळीला टांगा, रोपं वाढतील तशी एकेक कडी वर घ्या. पानं भाजायची भीती नको, ट्यूब बल्बइतकी तापत नाही.

उजेडपंत
अजून फ्लुरोसंट? फेकून द्या, एलईडी घ्या.

खुरपं
काय विकत घ्यावं हे कुणी विचारलंय का? रोपांपुरती आहे ती ट्यूब पुरते. आणि फेकून कशी देणार, आत पारा असतो. ई-कचऱ्यातच द्यायची.

मातीमाय
कोकोपीट वापरता का? मी ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) मिसळते, रोपमर, म्हणजे रोपं बुडाशी कुजून मरणं, होत नाही.

रानभूल
ताई, मातीचं विचारलेलं नाही. ट्यूब खाली घेऊन २४ तास चालू ठेवू का? लवकर सुधारतील.

पानगळ
मुळीच नको! सतत उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात. १४ ते १६ तास बास, टायमर लावा. ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची आहे का?

रानभूल
खोका टाकून दिला.

पानगळ
काचेवर टोकाशी आकडा छापलेला असतो. ८६५ म्हणजे ६५००.

रानभूल
८३० दिसतंय. पण पडलेल्या रोपांचं काय ते सांगा ना!

खुरपं
८३० म्हणजे ३०००, पिवळसर. चालेल, पण निळ्या उजेडानं दांडा आखूड राहतो, म्हणून ८६५ बरी. लांबलेली आता आखूड व्हायची नाहीत. टोमॅटो आहे म्हणून निभावलं: बीजपत्रांच्या (बी उगवताना येतात ती पहिली दोन पानं) वर खरी पानं आली की खोल कुंडीत बीजपत्रांपर्यंत दांडा पुरा, त्याला मुळं फुटतात. ट्यूबच्या टोकांशी उजेड कमी, तिथले ट्रे मधे फिरवत राहा.

उजेडपंत
एवढ्या उठाबशा काढण्यापेक्षा एलईडी...

रानभूल
साखळी आणतो. चोक गुणगुणतोय, ते चालतं ना?

पानगळ
रोपांना चालतं. तुम्हाला झोप लागत नसेल तर इलेक्ट्रॉनिक चोक बसवून घ्या.